खरखरीतून आलेला निरोप

गेल्या दिवाळीत आमची डोंबिवलीची इमारत रोषणाईने झळाळली आणि माझा रेडिओ बहिरा झाला! मला हौशी बिनतारीचा नाद. गच्चीवर १० मीटरची तार ताणलेली असून तिच्यावर रोज संध्याकाळी नैरोबीच्या एका मित्राशी माझे बोलणे होते. 'बोलणे' म्हणायचे एवढेच. घशाच्या शस्त्रक्रियेत त्याचा आवाज गेला. तेव्हापासून आम्ही रोमी अक्षरांतली मराठी टंकतो.

पल्ला सुमारे साडेचार हजार किलोमीटरचा. लघुलहरी वर आयनांबरावर आपटून परततात, पण एकाच वाटेने नव्हे. एकच अक्षर दोन वाटांनी किंचित मागेपुढे पोचते आणि स्वतःचाच घोटाळा करते. त्यात आसपासची खरखर. १९२७ साली विलायतेशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले तेव्हा पाठवण्याचे केंद्र खडकीला होते नि ऐकण्याचे पार दौंडला. आपल्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात दूरचा क्षीण स्वर बुडायला नको! आम्हा गच्चीवाल्यांना असली चैन कुठली?

आमची भिस्त 'पीएसके-३१'वर. पीटर मार्टिनेझ या इंग्रज हौशी गृहस्थांनी १९९८ साली पुढे आणलेली ही पद्धत अवघी ३१ हर्ट्झ रुंद. दार अरुंद, म्हणून खरखरही थोडीच शिरते. मात्र बिघडलेले अक्षर तसेच उमटते. एकदा त्याचा 'ताप' माझ्याकडे 'बाप' होऊन आला होता!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याच्या फेरतपासणीचा निकाल यायचा होता. पडद्यावर उमटले, "निकाल आला. गाठ", आणि पुढे नुसता कचरा.

मोबाईलवर विचारले, उत्तर नाही. हा गृहस्थ फोन दुसऱ्या खोलीत टाकून रेडिओशी बसतो. मग छोटा ट्रान्झिस्टर घेऊन मी मजले धुंडाळले. तिसऱ्या मजल्यावरच्या माळेच्या अडाप्टरपाशी तो चवताळल्यासारखा घुरघुरू लागला. "आजच्या दिवशी दिवे विझवू का हो भाऊ?" काकूंनी विचारले. त्यांचेही खरेच होते.

वर आलो आणि संकेताप्रमाणे 'जेएस-८' लावले. नोबेल मानकरी जोसेफ टेलर व स्टीव्ह फ्रँके यांच्या २०१७ च्या 'एफटी-८'वरून जॉर्डन शेरर यांनी ही पद्धत बेतली. कल्याणच्या एका स्नेह्याने ती मला शिकवली होती. दोन्हीकडची घड्याळे जुळवून घ्यायची आणि १५-१५ सेकंदांचे तुकडे पाठवायचे. मजकुरासोबत जादा अंकही जातात. वाटेत काही हरवले तर त्यांवरून संगणक ते भरून काढतो, आणि नाहीच जमले तर तो तुकडा छापतच नाही. चुकीचे सांगण्यापेक्षा गप्प बसणारा असा माणूस आमच्या सोसायटीच्या सभेत एकही नाही!

पहिला तुकडा आलाच नाही. दुसराही नाही. मी पुन्हा पाठवायला सांगितले. स्वयंपाकघरातून सौ. दोनदा हाक मारून गेल्या.

मग पडद्यावर एक ओळ उमटली : "गाठ नाही. फराळ कसला केलात?"