रसायनशाळेचे दार

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील अर्विंग हे शहर डॅलसला अगदी लागून आहे. भारतीय कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. एक्झॉनमोबिल या तेल व रसायनांच्या अवाढव्य कंपनीचे मुख्यालय २०२३ पर्यंत याच गावी होते. अशा गावातील मुलाने रसायनशास्त्रज्ञ होण्याचे स्वप्न पाहिले तर नवल नाही. परंतु ते मूल स्वमग्न असेल, किंवा अक्षरांची उलटापालट करणारे असेल, तर?

कायदा त्याच्या बाजूचा आहे. अपंग मुलालाही त्याच्या गरजेप्रमाणे विनामूल्य शिक्षण मिळालेच पाहिजे, असे अमेरिकेने १९७५ साली ठरविले. असे असूनही टेक्सासच्या शिक्षण खात्याने २००४ साली शाळांपुढे एक आकडा ठेवला : विशेष शिक्षण घेणारी मुले शेकडा ८.५ हून अधिक नसावीत. गरज मोजून आकडा काढावयाचा सोडून आकड्यात बसेल तेवढीच गरज मानावयाची, हा कोठला न्याय? २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्राने हे प्रकरण उजेडात आणले, पुढल्या वर्षी विधिमंडळाने ती मर्यादा रद्द केली, आणि २०१८ च्या जानेवारीत केंद्रीय शिक्षण खात्याने कायदेभंग झाल्याचा निर्णय दिला. दरम्यान कित्येक मुलांची शाळा संपून गेली होती.

दार अडविण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. बाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर : पहिले वर्ष तात्पुरते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये! वर्षभरात त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर असे काम केले की, त्यानंतर संस्थेचे दार मुलींना उघडले. पुढे केंब्रिजला बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखविले आणि १९३९ साली पीएच. डी. मिळविली. सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर केलेले काम पुष्कळांना ठाऊक असेल.

मात्र दार उघडल्यावरही आतली मांडणी एकाच प्रकारच्या माणसासाठी असते, हे आम्हा शिक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन रंगांध होता. १७९४ साली त्याने स्वतःच आपल्या दृष्टिदोषाचे वर्णन केले, आणि जपून ठेवलेल्या त्याच्या डोळ्याची तपासणी होऊन १९९५ साली त्याचे कारण जनुकांत सापडले. आपल्या प्रयोगशाळेत आज डाल्टन आला, तर मिथिल ऑरेंजचा तांबडा रंग पिवळा केव्हा झाला हे त्याला नीट ओळखता येणार नाही, आणि प्रात्यक्षिकाचे गुण जातील! पीएच मापक हाती दिला तर तोच मुलगा अचूक उत्तर काढील. स्वमग्न मुलाला कृतीच्या पायऱ्या चित्रांसह फळ्यावर हव्या असतात आणि गोंगाटापासून दूरचे एखादे मेज. वाचनात अडखळणाऱ्याला बाटल्यांवरील अक्षरे मोठी हवीत, सल्फेट आणि सल्फाइट ही नावे तर निरनिराळ्या रंगांच्या चिठ्ठ्यांवर. यांपैकी मापक तेवढा विकत आणावा लागतो. बाकीचे काम खडू, कागद आणि तास सुरू होण्यापूर्वीची दहा मिनिटे यांत होते.