फर्मा, कटर आणि गाइड बुश

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मौजे केदारखेडा हे पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकरी गाव आहे. अशा गावांतील सुताराचे कसब पिढ्यानपिढ्या ज्या जिनसांवर पोसले गेले, त्या तिफण, वखर आणि बैलगाडी या जिनसा ट्रॅक्टर व लोखंडी अवजारे आल्यापासून मागे पडल्या असून, त्याच कारागिराकडे आता दारे, चौकटी, देव्हारे आणि कपाटे अशी निराळी कामे येऊ लागली आहेत. या नव्या कामाचा स्वभाव जुन्याहून भिन्न आहे. नांगर एका वेळी एकच घडे आणि त्याच्या धन्याच्या बैलांना जुळला म्हणजे पुरे होई, परंतु आठ दारांच्या घरात प्रत्येक दाराला तीन बिजागऱ्या धरल्या, तर फळीवर चोवीस आणि चौकटीवर चोवीस मिळून अठ्ठेचाळीस खाचा तंतोतंत एकसारख्या पाडाव्या लागतात, आणि त्यांतील एकीची चूकही दार घासू लागताच घरधन्याच्या नजरेस येते.

सूक्ष्म मापाची जाण या मुलखाला नवी नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन; सांची आणि भारहूत येथील दानलेखांत या नगरीच्या रहिवाशांचे उल्लेख आहेत, आणि येथील उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासकांनी दाखविले आहे. इतक्या बारीक कामाचा वारसा असलेल्या तालुक्यात, मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणाऱ्या कटरने लाकूड कोरणारे राउटर हातात आल्यावर, ते केवळ वेगाने चालवावे यापेक्षा नेमके चालवावे ही अपेक्षा मला सर्वथा रास्त वाटते, आणि त्या नेमकेपणाचे सर्वांत स्वस्त व खात्रीचे साधन म्हणजे गाइड बुश.

गाइड बुश म्हणजे राउटरच्या तळपट्टीत बसणारी धातूची चकती आणि तिच्या मध्यातून खाली उतरणारी आखूड नळी. कटर या नळीतून बाहेर येतो, नळीची बाहेरची भिंत प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या फर्म्याच्या कडेला टेकून सरकते, आणि फर्म्याचा आकार लाकडात उतरतो. हेच काम बेअरिंग लावलेल्या कटरनेही होते, पण त्यात कटरची निवड बेअरिंगवाल्या प्रकारापुरतीच राहते आणि उथळ खाच घेताना बेअरिंगला टेकू मिळेल इतका जाड फर्मा शोधावा लागतो. बुश असेल तर घरातील साधा सरळ कटरही चालतो, खोली दोन-तीन टप्प्यांत वाढविता येते, आणि कटरची धार फर्म्याला कधीच शिवत नसल्यामुळे एकदा नीट घासून केलेला फर्मा वर्षानुवर्षे टिकतो.

मात्र नळीची भिंत कटरच्या धारेपासून काही अंतरावर असल्यामुळे कापलेला आकार फर्म्याइतकाच येत नाही, आणि तो फरक काढण्याचा हिशेब ज्याला अवगत नाही त्याने बुश खरेदी करू नये. बुशच्या बाहेरील व्यासातून कटरचा व्यास वजा करावा; उरेल त्याचे निम्मे म्हणजे प्रत्येक बाजूचे अंतर. उदाहरणार्थ, बुश १७ मिलिमीटरचा आणि कटर १० मिलिमीटरचा असेल, तर वजाबाकी ७ आणि अंतर साडेतीन. चहूबाजूंनी बंद अशी १०० लांब व २५ रुंद खाच पाडायची, तर फर्म्यातील खिडकी १०७ लांब व ३२ रुंद ठेवावी. उलट फर्म्याच्या बाहेरून फिरून १०० लांबीचा तुकडा कापायचा, तर फर्मा ९३ चा करावा. खाचेचे कोपरे कटरच्या त्रिज्येइतके, म्हणजे ५ मिलिमीटरचे, गोल राहतात. ते पटाशीने काटकोनात आणावेत.

खरेदीस निघण्यापूर्वी पहिली तजवीज आपल्या यंत्राच्या तळपट्टीची करावी, कारण बुश बसविण्याच्या पद्धती अनेक असून त्या परस्परांना चालत नाहीत. अमेरिकेत पोर्टर-केबल कंपनीने रूढ केलेल्या पद्धतीत बुश दोन भागांचा असतो. १ ३/१६ इंचाच्या भोकातून आटे पाडलेला भाग वर येतो आणि वरून कडी आवळली जाते, तर चकती १ ३/८ इंचाच्या बैठकीत रुतते. बॉशच्या मोठ्या राउटरांत खटक्याने अडकविण्याची सोय असते, मकिताच्या कित्येक यंत्रांत चकती स्क्रूंनी धरली जाते, आणि छोट्या ट्रिमरचा बुश तर बहुधा त्या यंत्राचा स्वतःचाच असतो. म्हणून दुकानात केवळ कंपनीचे नाव न सांगता मॉडेलचा क्रमांक सांगावा, आणि शक्य असल्यास तळपट्टीच सोबत न्यावी.

दुसरी तपासणी मापांच्या घराण्याची. आपल्याकडे सुताराच्या तोंडी अजून इंच आणि सूत आहे, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कटर मात्र कधी ६ मिलिमीटरचा तर कधी पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा, हाती येतो. बुश इंचातला, कटर मिलिमीटरमधला आणि फर्मा सुतात आखलेला, असा संकर झाला की उत्तरात अपूर्णांक शिरतात आणि सांधा सैल बसतो. सबब घेतलेल्या प्रत्येक बुशाचा बाहेरचा व आतला व्यास व्हर्नियरने मोजून फर्म्यांच्या वहीत नमूद करावा. वेष्टनावरील आकडा हा दुकानदाराचा दाखला आहे, व्हर्नियरचा आकडा आपला.

तिसरी गोष्ट नळीच्या लांबीची आणि आतल्या मोकळ्या जागेची. नळी फर्म्याच्या जाडीहून मिलिमीटर-दोन मिलिमीटर आखूड हवी, नाहीतर ती खालच्या लाकडावर टेकून यंत्र तरंगते. लांब नळी असेल तर १२ मिलिमीटरचा फर्मा वापरावा, किंवा नळी कापून घ्यावी. कटर आणि नळी यांमध्ये भुसा निसटण्यास पुरेशी जागा नसेल, तर तो तेथेच दाटून दोन्ही तापतात. धातूंमध्ये पितळ नरम असल्यामुळे कटर चुकून लागला तरी कार्बाइडच्या धारेची हानी कमी होते, पण पितळी कडी कंपनाने सैल होण्याची भीती राहते आणि ती कामाच्या मध्येमध्ये आवळावी लागते. पोलाद टिकाऊ खरे, परंतु पत्र्यातून दाबून काढलेल्या स्वस्त बुशांची गोलाई अवश्य तपासावी.

चौथी गोष्ट केंद्राची. बुश अर्धा मिलिमीटर जरी एका अंगाला सरकलेला असला, तरी यंत्र फिरवून धरताच समोरासमोरच्या कडांत एकूण एक मिलिमीटरची तफावत पडू शकते. यासाठी कोलेटमध्ये, म्हणजे राउटरच्या कटर पकडणाऱ्या चापात, धरावयाचा शंकू मिळतो. तळपट्टीचे स्क्रू सैल करून शंकू बुशात उतरवावा, तळपट्टी आपोआप मध्यावर येते, मग स्क्रू आवळावेत. ही सारी जुळवाजुळव यंत्राची वायर प्लगमधून काढूनच करावी. शंकू नसेल तर एकच मूठ सतत आपल्याकडे ठेवून यंत्र चालवावे, म्हणजे निदान चूक दिशा बदलत नाही. फर्म्याच्या बाहेरून जाताना यंत्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट आणि खिडकीच्या आतून जाताना काट्यांच्या दिशेने न्यावे, म्हणजे कटरची ओढ बुशला फर्म्यावर दाबून ठेवते.

जडावकामासाठी एक स्वतंत्र संच मिळतो, आणि त्यातील योजना मनोहर आहे. एक सुताचा कटर, अडीच सुतांचा बुश आणि त्यावर चढणारी साडेचार सुतांची काढती कडी. या कडीच्या भिंतीची जाडी बरोबर एक सूत, म्हणजे कटरच्या व्यासाइतकीच. कडी चढवून पाटावर खाच पाडावी, कडी काढून त्याच फर्म्याने शिसवीचा तुकडा कापावा, आणि तो खाचेत नेमका बसतो. कारण दोन्ही वेळा कापाची निर्णायक रेषा फर्म्याच्या कडेपासून सारख्याच अंतरावर, एक सुताच्या पावणेदोन पटीवर, पडते. देव्हाऱ्यावर कमळाची पाकळी जडविणाऱ्याने हा संच जरूर घ्यावा. ज्याचे काम बिजागऱ्या आणि कुलपे एवढेच आहे त्याला त्याची गरज नाही.

केदारखेड्याच्या कारागिराला आणखी एक अनुकूलता आहे. जालना शहर पोलाद आणि बियाणे या दोन धंद्यांसाठी ख्यातनाम आहे, आणि जेथे कारखाने आहेत तेथे लेथवर काम करणारे टर्नरही आहेत. बाजारात न मिळणारा बुश पितळी गजातून कातून घेणे हे त्यांच्यासाठी लहान काम आहे. चकतीचा व्यास व जाडी, नळीची लांबी, बाहेरचा आणि आतला व्यास, एवढी पाच मापे कागदावर लिहून द्यावीत, आणि बसविण्यापूर्वी तीच मापे पुन्हा ताडून पाहावीत.

प्रारंभी दहा बुशांची पेटी घेऊन आठ गंजवत ठेवण्यापेक्षा, आपल्या नेहमीच्या कटरांना जुळणारे दोन बुश, एक शंकू आणि एक चांगला व्हर्नियर यांवर रोकड खर्च करावी, आणि प्रत्येक फर्म्यावर कोणता बुश व कोणता कटर हे ठळक लिहून ठेवावे. अनुभवी हाताने घडविलेला आणि असा नोंदलेला फर्मा नव्या शिकाऊ पोराच्या हातूनही तीच खाच पाडून घेतो. कारागिराचे कसब पुढच्या पिढीच्या हवाली करण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.