ग्रामजीवनाचीं छायाचित्रें : एक उपेक्षित ऐतिहासिक साधन

जुन्या ग्रामजीवनाच्या छायाचित्रांचें एक प्रदर्शन नुकतेंच आमच्या पाहण्यांत आलें. मोट, नांगर, खळें, जातें, कुंभाराचें चाक, बाजारास निघालेल्या बैलगाड्या, अशीं दृश्यें दोन दालनांत मांडलेलीं होतीं. प्रेक्षकांची गर्दी पुष्कळ होती व मंडळी समाधान पावून परतत होती. आम्ही मात्र कांहींशा अस्वस्थ मनानें परतलों. त्याचें कारण संशोधकांच्या व संग्राहकांच्या उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून तें येथें सांगतों.

एका चित्राखालीं 'पाणी काढणारा शेतकरी' एवढाच मजकूर होता. गांव नाहीं, साल नाहीं, चित्र घेणाराचें नांव नाहीं. चित्र सुरेख होतें. विहिरीलगत बैलांची जोडी, तिच्यामागें मोटकरी, आणि चाकापाशीं येऊन पोहोंचलेली भरली मोट. आमच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी उभे होते. ते हंसून म्हणाले, "बैलबी वर आन् मोटबी वर? हे कसं व्हायचं?" मग त्यांनीं आम्हांस उलगडून सांगितलें. बैल धांवेवरून उतरत खालच्या टोकास जातात, तेव्हां मोट वर येऊन सोंडेवाटे थारोळ्यांत रिकामी होते. बैल विहिरीजवळ परत आले, म्हणजे मोट पाण्यांत असते. नाड्याची लांबी ठरलेली. तेव्हां दोन्ही एकाच वेळीं वर असणें शक्य नाहीं. मोट वर बांधून ठेवून व बैल जागेवर उभे करून हें चित्र घेतलें असलें पाहिजे, हें उघड झालें. तेंच चित्र आम्हीं बराच वेळ न्याहाळलें होतें. पण मोडी कागदांतील खाडाखोड ओळखणाऱ्या आमच्या डोळ्यांस ही गफलत दिसली नव्हती.

अशी मांडामांड करणारास लबाड ठरविण्याचें कारण नाहीं. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जगापुढें आली व १८५१ पासून ओल्या कांचेची पद्धत रूढ झाली. या पद्धतींत कांचेवर लेप देणें, चित्र घेणें व तें प्रकट करणें हीं तिन्ही कामें लेप ओला आहे तोंवरच उरकावीं लागत. त्यासाठीं अंधारा तंबू बरोबर बाळगावा लागे, आणि कांच प्रकाशास कांहीं सेकंद उघडी ठेवावी लागत असल्यामुळें हलणारी वस्तु पुसट उमटे. कोरड्या कांचेची युक्ति १८७१ सालीं निघाली व तिचा प्रसार त्याहून मागाहून झाला. तत्पूर्वींच्या चित्रांत जें काम चाललेलें दिसतें, तें बहुधा चित्रासाठीं थांबविलेलें काम असतें.

याहून पुढची पायरीही आहे. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळीं तेथें काम करणाऱ्या विल्यम जॉन्सन यानें मुंबईंत आढळणाऱ्या जातिजमातींचीं चित्रें दोन भागांत, १८६३ व १८६६ सालीं, लंडनास प्रसिद्ध केलीं. त्यांतील अनेक चित्रांत माणसें एका ठिकाणचीं व पाठीमागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा असून, दोन्ही जोडून एक चित्र केलेलें आहे. पोशाखाच्या अभ्यासास तीं उपयोगीं पडतात; पण अमुक माणसें अमुक स्थळीं होतीं, असा पुरावा म्हणून तीं पुढें करणें धोक्याचें आहे.

तेव्हां छायाचित्र हें सूर्यप्रकाशानें लिहिलेलें म्हणून आपोआप अस्सल, हा समज सोडला पाहिजे. बनावट सनद आपण फेंकून देत नाहीं. ती ज्या काळीं बनली त्या काळचा हक्कसंबंधाचा वाद ती सांगते. तसेंच या मोटेच्या चित्राचें आहे. कृति खोटी असली, तरी चामड्याची शिवण, नाड्याची गांठ, चाकाची घडण व मोटकऱ्याची पागोटें बांधण्याची तऱ्हा खरीच आहे.

कालनिर्णयाचीं साधनेंही चित्रांतच मिळतात. घरावर मंगळुरी कौलें दिसलीं, तर चित्र १८६५ नंतरचें. कारण त्या कौलांचा पहिला कारखाना मंगळुरास त्या वर्षीं निघाला. शेतांत किर्लोस्करांचा लोखंडी नांगर असेल, तर तें १९०३ च्या पूर्वींचें नव्हे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांवगाडा' ग्रंथांत बलुत्यांची जी व्यवस्था शब्दांनीं वर्णिली आहे, तिच्याशीं चित्रें ताडून पाहिल्यास दोहोंचा अर्थ अधिक खुलतो.

परंतु खरी हानि निराळीच आहे. आपल्या दफ्तरांत कुळाचें नांव सांपडतें, चेहरा सांपडत नाहीं. या चित्रांत चेहरा आहे आणि नांव नाहीं. सरदाराच्या तसबिरीखालीं नांव लिहिण्यास कोणी विसरत नाहीं; मोटकरी मात्र 'शेतकरी' एवढ्यावरच राहतो. कनिष्ठ ग्रामवतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं, मोटेची जागा इंजिनानें व विजेच्या पंपानें घेतली. तीं कामें स्वतः केलेलीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांच्या पश्चात् या चित्रांची स्थिति मायना, मिती व शिक्का फाटून गेलेल्या पत्रासारखी होईल.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. आपल्या घरीं वा गांवीं अशीं चित्रें असतील, तर प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, शाईनें नव्हे, गांव, साल, माणसांचीं नांवें, अवजारांचीं त्या गांवांतलीं नांवें आणि ही माहिती कोणीं सांगितली तें लिहून ठेवावें. साल अदमासानें लिहिल्यास अदमासाचें कारणही द्यावें. जुन्या कांचा, पाकिटें व पुस्तकें यांचा मूळ क्रम मोडूं नये. रुमालांतील कागदांप्रमाणें तो क्रमही पुरावाच असतो. आणि हें सर्व करतांना एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास जवळ बसवून घ्यावें. त्या दिवशीं ते गृहस्थ शेजारीं नसते, तर आम्हींही तें चित्र अस्सल म्हणून टिपून घेतलें असतें.