इंजिन जाम झालेली जुनी बोट स्वस्तात मिळतेय, घ्यावी का? दांडीच्या किनाऱ्यावरून समजून घ्या

"फायबर बोट विकणे आहे. इंजिन थोडं जाम, बाकी ओके. किंमत समक्ष."

पालघरच्या किनारपट्टीवरच्या कुठल्याही मच्छीमार ग्रुपमध्ये अधूनमधून असा मेसेज पडतोच. सोबत तीन फोटो असतात. दोन लांबून काढलेले आणि एक इंजिनाचा, तोही ताडपत्री अर्धी उचलून. खाली लगेच कोणीतरी "लास्ट काय?" असं विचारतं.

या मेसेजमधला सगळ्यात महाग शब्द आहे "थोडं". आज आपण त्याचाच अर्थ बघू.

बोईसर स्टेशनवरून पश्चिमेला निघालात की एमआयडीसी मागे पडते आणि नवापूर, उच्छेळी, दांडी ही मच्छीमारांची गावं लागतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत बोटी वर ओढून, झाकून ठेवतात. बहुतेक बोटी ऑगस्टमध्ये पाण्यात जातात, पण काही जात नाहीत. कुणाला खलाशी मिळत नाहीत, कुणाच्या घरात पुढची पिढी एमआयडीसीत कामाला लागलेली असते, कुणाला डिझेलचा हिशेब जमत नाही. किनाऱ्याजवळ मासळी कमी झाल्याची तक्रारही जुनी आहे. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याचं प्रकरण तर मच्छीमार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं. कारण काहीही असो, बोट एक पावसाळा बसली की दुसराही बसते. मग इंजिन जाम होतं आणि बोट विकायला निघते.

पलीकडे ज्याला स्वतःचा धंदा सुरू करायचाय, पण नवी बोट परवडत नाही, त्याच्यासाठी हीच बोट म्हणजे एकमेव संधी असते. घरातले दागिने गहाण ठेवून ती घ्यायची आणि इंजिन सुरूच झालं नाही, तर?

जाम झालं म्हणजे नक्की काय झालं?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. ती तेलाच्या पातळ थराने भरलेली असते. हा थर गेला की पिस्टन चिकटतो. मेकॅनिक यालाच "इंजिन सीझ झालं" म्हणतात.

पण चिकटण्याचे दोन प्रकार आहेत आणि बोट घेणाऱ्याचं नशीब या फरकावर ठरतं.

पहिला प्रकार चालता चालता होतो. थंड पाण्याचा मार्ग बंद पडला किंवा तेल संपलं, की इंजिन तापतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तर सिलिंडरची आतली नळी बहुतेक वेळा बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पिस्टन आतल्या आत आवळला जातो आणि धातूवर धातू घासून ओरखडे पडतात. लहान आऊटबोर्ड इंजिनं (बोटीच्या मागे बाहेर टांगलेली असतात ती) थंड होण्यासाठी थेट समुद्राचं पाणी ओढतात. ते ओढणारा पंप एका छोट्या रबरी चक्रावर चालतो. त्या रबराच्या पाकळ्या तुटल्या किंवा वाटेत मीठ साचलं, की काही मिनिटांत खेळ खलास.

दुसरा प्रकार उभ्या उभ्या होतो. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टनच्या रिंगा लोखंडी असतात. त्या जिथे थांबल्या असतील तिथेच सिलिंडरला गंजाने चिकटतात. हे इंजिन तापलेलं नसतं, फक्त झोपलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारातून बाहेर पडता येतं. पहिल्यात खर्च जवळजवळ ठरलेला. त्यामुळे विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही. "काका, शेवटचं चाललं तेव्हा बंद केलं होतं, की आपोआप बंद पडलं होतं?" हा पहिला प्रश्न. उत्तर द्यायला काका किती वेळ घेतात तेही बघा.

आधी जाळं बघा

कधीकधी इंजिन जाम झालेलंच नसतं. पंख्याच्या दांड्याला नायलॉनचं जाळं किंवा दोर गुंडाळलेला असतो, किंवा गिअरबॉक्स गंजलेला असतो. म्हणून आधी गिअर न्यूट्रलला आणायचा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून बघायचं. फिरलं, तर दोष इंजिनाच्या मागे कुठेतरी आहे आणि तुमचे बरेच पैसे वाचले.

फिरलं नाही, तर एक गोष्ट अजिबात करायची नाही. बॅटरी लावून स्टार्टर मारायचा नाही. पाच-सहा जणांनी मिळून दोरी खेचायची नाही. दांडीच काय, कुठल्याही किनाऱ्यावर हा उत्साह दाखवणारी मंडळी भेटतातच. पण सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दाबलं जात नाही. जोर लावला की पिस्टनचा दांडा वाकतो, आणि जे इंजिन वाचणार होतं ते भंगारात जातं.

खरं काम कंटाळवाणं आहे. पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लग, डिझेल असेल तर इंजेक्टर काढायचे. भोकातून टॉर्च मारून बघायचं. जमलं तर मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडायचा, तो आता ऑनलाइन सहज मिळतो. गंजाचा तांबूस पट्टा दिसला तर आशा आहे. उभे खोल ओरखडे दिसले तर बोरिंगची तयारी ठेवायची.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओतायचं. गिअरच्या तेलात ॲसिटोन मिसळून ओतण्याची पद्धतही जगभरच्या गॅरेजांत चालते. ॲसिटोन झटकन पेट घेतं, त्यामुळे आजूबाजूला विडी-सिगारेट नको. तेल ओतलं की वाट बघायची. एक दिवस नाही, चार दिवस, कधी आठवडा. रोज थोडं तेल वाढवायचं आणि क्रँकच्या नटाला लांब पाना लावून हलकेच पुढे-मागे करायचं. एका दिशेला ढकलत राहायचं नाही. सुरुवातीला केसभर हलतं, दुसऱ्या दिवशी बोटभर.

पूर्ण फेरा फिरला की लोक पेढे वाटतात. थांबा, अजून सुरू करायचं नाही. सुटलेला गंज आता वाळूसारखा आत फिरतोय. जुनं तेल काढून टाका. ते दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलेलं आहे. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाब दाखवत असेल, तर हेड उतरवावंच लागतं.

हेड उतरवल्यावर पुढचं काम लेथवाल्याचं. सिलिंडर खरवडून थोडा मोठा करतात आणि ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा पिस्टन बसवतात. अनेक डिझेल इंजिनांत आतली नळीच बदलता येते, म्हणून जुनी डिझेल इंजिनं पुन्हा पुन्हा उभी राहतात. आऊटबोर्डमध्ये मात्र आधी पार्ट मिळतात का ते विचारा, मग खोला.

एक उलटी वाटणारी गोष्ट इथेच सांगतो. बुडालेलं इंजिन बाहेर काढलं की त्याचा खरा शत्रू पाणी नसतं, हवा असते. मीठ आणि हवा एकत्र आली की काही तासांत गंज सुरू होतो. म्हणून मेकॅनिक लगेच मिळणार नसेल, तर गोड्या पाण्याने धुऊन ते गोड्या पाण्याच्या पिंपातच बुडवून ठेवतात.

पेट्रोल असेल तर E20 चं काय?

गाड्यांवरून ट्विटरवर जे भांडण झालं, त्यात बोटी कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर धरतात. इंधनाची नळी तळातूनच ओढते. बऱ्याच आऊटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. जुनी बोट घेतली की टाकीतलं पेट्रोल फेकायचंच, त्यात वाद नको.

बोट म्हणजे फक्त इंजिन नाही

फायबरच्या बोटीला हातोडीच्या दांड्याने ठोकत एक फेरी मारा. टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आतले थर सुटलेत. मागची फळी, जिथे आऊटबोर्ड टांगतात, ती नीट बघा. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं आणि ते बाहेरून चकाचक दिसत आतून कुजतं.

आणि कागद. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून आले होते. त्यानंतर बोटींची ओळख आणि नोंदणी यावर सरकार फार कडक झालं. नोंदणी, मासेमारी परवाना, इंजिनाचा तपशील हे सगळं जुळलं पाहिजे. बोट जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर डिझेलचा परतावा, विमा, योजना, सगळीकडे तुमचं काम अडतं. इंजिन दुरुस्त होऊ शकतं. गायब झालेल्या मालकाची सही मिळत नाही.

माझं मत विचाराल, तर इंजिनाची किंमत शून्य धरा. सांगाडा आणि कागद यांच्यासाठीच किती द्याल ते ठरवा, आणि तेवढ्यालाच हो म्हणा. इंजिन सुटलं तर तो बोनस.

समजा सुटलं. मग पहिली चाचणी किनाऱ्यावरच, गोड्या पाण्याचा पाइप लावून. थंड करणारं पाणी बाहेर पडतंय का ते बघत राहायचं, धार थांबली की इंजिन बंद. दुसरी चाचणी खाडीत, तीही पाणी चढत असताना. ओहोटीला इंजिन बंद पडलं तर पाणी तुम्हाला खाडीच्या तोंडातून बाहेर समुद्रात नेतं, भरतीला पडलं तर आत गावाकडे आणतं. सोबत नांगर, वल्हं, लाइफ जॅकेट, ओळखीच्या माणसाची दुसरी बोट आणि फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर.