तिवऱ्याचा जुलै

यंदा 2 जुलैला मोबाइलवर शे-दीडशे निरोप आले. पावसाचे अंदाज, लावणीचे फोटो, कुणाचा तरी वाढदिवस. तिवऱ्याचं नाव एकातही नव्हतं. दिवसभर कशात मन लागलं नाही.

2019 च्या त्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली 23 माणसं वाहून गेली. धरण गळतंय, हे गावकरी आधीपासून सांगत होते. फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला. ते बोलणं मी अजून माफ केलेलं नाही.

त्याआधीच्या वर्षांचं फारसं सांगण्यासारखं काही नाही. 2005 चा पूर सोडला, तर पाऊस हा रत्नागिरीकरांच्या कौतुकाचा विषय. मिरग वेळेवर आला की आम्ही खूश. 2019 नंतर मात्र आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. भरपाई आधी जाहीर झाली ती हेक्टरी. आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या! आणि झाडावर चढून नारळ पाडणाऱ्या गड्याच्या नावावर तर गुंठाही नाही. त्याचं पोट ज्या झाडांवर होतं ती गेली, पण पंचनाम्यात त्याला रकानाच नव्हता. वर्षभरात ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेलं. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढतायत, हे आता मच्छीमारांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग 22 जुलै 2021. वाशिष्ठीनं चिपळूणची बाजारपेठ बुडवली. 1864 सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं चिखलात गेली. आम्ही फावडी घेऊन गेलो, महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक आले. ती माणुसकी मी विसरणार नाही. पुढे चिपळूणकर उपोषणाला बसले, नदीतला गाळ निघू लागला, पूररेषांवर वाद झडले. शहराच्या दुःखाला आवाज होता.

त्याच पावसात खेड तालुक्यातल्या पोसरे बौद्धवाडीवर दरड आली. 17 माणसं गेली. कोणाची वाडी सपाटीला आणि कोणाची डोंगराच्या कुशीला, हे कोकणात पिढ्यांपूर्वी जातीनं ठरवलं. दरड त्याच नकाशावरून खाली येते. बाजारपेठेचे फोटो आजही फिरतात. पोसऱ्याचं नाव काढलं की जिल्ह्यातलीच माणसं विचारतात, हे कुठे आलं?

भेंदवाडीतली कुटुंबं आधी कंटेनरमध्ये राहिली, मग काहींना अलोऱ्यात पक्की घरं मिळाली. गेल्या पावसाळ्यात तिथे एका ओटीवर बसलो होतो. सर वाढली तशी घरातली बाई बोलता बोलता थांबली, आत गेली आणि खुंटीवरची कागदपत्रांची पिशवी काढून मांडीवर घेऊन बसली. सर ओसरेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.