न घेतलेल्या तिकिटाचे बक्षीस
लॉटरीच्या फसव्या पत्रांची ओळख व त्यांपासून बचाव

पिकावर पडणारी कीड वेळीच ओळखली, तर तिचा बंदोबस्त थोड्या खर्चात होतो. ओळखण्यास उशीर झाला, तर पीक हातचे जाते. शेतकऱ्याने कष्टाने मिळविलेल्या पैशावर पडणाऱ्या अशाच एका किडीसंबंधी या लेखात माहिती द्यावयाची आहे. ही कीड म्हणजे लॉटरीचे बक्षीस लागल्याची खोटी वार्ता होय. ती ई-मेलने येते, मोबाईलवरील संदेशाने येते, व्हॉट्सॲपवरील चित्राच्या व ध्वनिफितीच्या रूपाने येते, आणि कित्येकदा पाकिटात घातलेल्या खरवडण्याच्या कार्डाबरोबर टपालानेही येते. रूपे अनेक असली, तरी तिची जात एकच आहे : मोठ्या रकमेची आशा दाखवावयाची आणि ती रक्कम मिळण्यापूर्वी लहान रक्कम भरावयास लावावयाची.

फसवणुकीचा पूर्वेतिहास

ही युक्ती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिकेतील लोकांना स्पेनमधील तुरुंगात अडकलेल्या एका श्रीमंत कैद्याच्या नावाने पत्रे येत असत. कैद्याच्या सुटकेसाठी थोडी मदत करावी, म्हणजे त्याच्या गुप्त धनाचा वाटा मिळेल, असा त्यांतील मजकूर असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियातून अशीच पत्रे मोठ्या संख्येने जाऊ लागली. त्या देशाच्या फौजदारी कायद्यातील संबंधित कलमावरून या फसवणुकीस ‘चारशे एकोणीस’ असे नाव पडले. ई-मेलचा प्रसार झाल्यावर टपालाचा खर्चही उरला नाही. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी, मायक्रोसॉफ्ट, कोका-कोला, एवढेच नव्हे तर आपली भारतीय रिझर्व्ह बँक, यांची नावे व बोधचिन्हे चोरून बक्षिसाची पत्रे पाठविली जाऊ लागली. आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या नावाने २५ लाख रुपयांची लॉटरी लागल्याचे संदेश गावोगावी पोहोचले आहेत. त्या कार्यक्रमाचा या संदेशांशी काहीही संबंध नाही. यांतील कित्येक संदेश +९२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आले. भारताचा क्रमांक +९१ ने सुरू होतो. +९२ हा पाकिस्तानचा संकेतांक आहे. एका अंकाचा हा फरक घाईत ध्यानात येत नाही.

पत्रातील मजकूर पुष्कळदा अशुद्ध व अविश्वसनीय असतो. इतक्या ढोबळ थापेस कोण फसेल, असे सुशिक्षितांस वाटते. परंतु हाही हिशेबाचा भाग असू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली या प्रश्नाचा विचार केला. लाखो पत्रे पाठविण्यास ठकास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो उत्तर देणाऱ्यांशी बोलत राहण्याचा. म्हणून शंकेखोर माणसे प्रारंभीच गळून पडावीत आणि विश्वास ठेवणारी तेवढी उरावीत, यासाठी थाप ढोबळच ठेवणे त्याला फायद्याचे ठरते, असे त्यांनी दाखविले. धान्य चाळणीने चाळावे, तसाच हा प्रकार होय.

पैसा कसा काढून घेतला जातो

उदाहरणादाखल समजा, एका शेतकऱ्यास २५ लाख रुपयांचे बक्षीस लागल्याचे कळविण्यात आले. प्रथम ‘नोंदणी शुल्क’ म्हणून ८,५०० रुपये मागितले जातात. ते भरल्यावर अभिनंदनाचे प्रमाणपत्र व शिक्का असलेला धनादेश यांचे चित्र मोबाईलवर येते. दुसऱ्या दिवशी ‘आयकर’ म्हणून २५,००० रुपयांची मागणी होते. त्यानंतर ‘बँकेचे हस्तांतरण शुल्क’ म्हणून ६०,००० रुपये सांगितले जातात. अशा रीतीने तीन मागण्यांत ९३,५०० रुपये जातात आणि बक्षिसाचा एक पैसाही हाती येत नाही.

यात विशेष लक्षात घेण्याची गोष्ट ही की, दुसरी रक्कम भरताना माणूस केवळ २५ लाखांच्या आशेने भरत नाही, तर आधीचे ८,५०० रुपये बुडू नयेत म्हणून भरतो. ठकाचा सर्व भर या एका गोष्टीवर असतो. म्हणून पहिली रक्कम गेली असली तरी दुसरी रोखणे, हाही मोठाच बचाव आहे. पुढे काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा वकील किंवा अधिकारी फोनवर येतो. तोही बहुधा त्याच टोळीतील असतो.

खऱ्या लॉटरीचे नियम

खोटे ओळखण्यासाठी खरे कसे असते, हे माहीत असले पाहिजे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. देशातील राज्यांच्या लॉटऱ्यांसाठी लॉटरी (नियमन) अधिनियम, १९९८ हा कायदा आहे. या कायद्यान्वये तिकिटे राज्य शासनाने छापावयाची असतात व त्यांवर शासनाची मुद्रा असावी लागते. सोडतही राज्य शासनानेच काढावयाची असते. यावरून पुढील गोष्टी उघड होतात.

१. ज्याने तिकीट घेतले नाही, त्यास बक्षीस लागू शकत नाही. बी पेरल्याशिवाय पीक येत नाही, तसेच हे आहे. मोबाईल क्रमांकांची किंवा ई-मेल पत्त्यांची सोडत काढून तुमची निवड झाली, हे सांगणे थोतांड होय.

२. लॉटरीच्या रोख बक्षिसावरील आयकर बक्षिसाच्या रकमेतूनच कापून घेतला जातो. विजेत्याने तो अगोदर कोणा इसमाच्या खात्यात भरावयाचा नसतो.

३. परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी भारतातून पैसे पाठविण्यास परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ अन्वये मनाई आहे. रिझर्व्ह बँकेने २०१० साली परिपत्रक काढून याची स्पष्ट जाणीव दिली होती.

४. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवीत नाही आणि कोणास बक्षिसाची पत्रेही पाठवीत नाही. तिच्या नावाने आलेले असे पत्र खोटेच समजावे.

ओळखण्याची लक्षणे

पुढील लक्षणांपैकी एकही आढळल्यास सावध व्हावे.

• पत्रात तुमचे नाव नसून ‘प्रिय विजेते’ अशा शब्दांनी आरंभ केलेला असतो.
• मोठ्या संस्थेचे नाव असते, परंतु ई-मेल पत्ता कोणासही फुकट मिळणाऱ्या सेवेवरील असतो. उत्तर पाठविण्याचा पत्ता तर आणखी वेगळाच असतो.
• तिकीट क्रमांक, तुकडी क्रमांक, सोडत क्रमांक असे पुष्कळ आकडे खरेपणाचा भास व्हावा म्हणून दिलेले असतात.
• ‘आजच रक्कम भरा, नाहीतर बक्षीस रद्द होईल’ अशी घाई केलेली असते.
• ‘ही गोष्ट कोणास सांगू नका’ असे बजावलेले असते. घरच्यांशी विचारविनिमय झाला तर डाव उघडकीस येईल, हे त्याचे कारण होय.
• आधार कार्ड, खाते क्रमांक, एटीएम कार्डाचे आकडे किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला जातो.
• पैसे ‘मिळण्यासाठी’ यूपीआयचा पिन टाकावयास सांगितले जाते. पिन हा पैसे देण्यासाठी असतो. घेण्यासाठी त्याची कधीच गरज नसते.

काय करावे

असे पत्र आल्यास उत्तर देऊ नये, त्यातील दुव्यास स्पर्श करू नये आणि सोबत आलेली फाईल उघडू नये. ‘तुमच्या खात्यावर रक्कम येऊ द्या, थोडे कमिशन घ्या’ अशी विनंती आल्यास तीही मानू नये. दुसऱ्याच्या फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरला, तर खाते गोठविले जाते व चौकशीस तुम्हांस तोंड द्यावे लागते.

पैसे गेले असतील, तर एक क्षणही न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. आपला मोबाईल क्रमांक, बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, दिनांक, वेळ व रक्कम ही माहिती जवळ ठेवावी. फसविणारे लोक पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर हलवितात. तो काढून घेतला जाण्यापूर्वी सूचना पोहोचली, तर ती रक्कम वाटेतच थांबविता येते. म्हणून येथे तासांना महत्त्व आहे. त्याचबरोबर आपल्या बँकेस कळवून कार्ड व मोबाईलवरील व्यवहार बंद करवावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तसेच पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता खबर नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. ई-मेल, संदेश व पावत्या पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

फसलेला मनुष्य बहुधा गप्प बसतो. लोक हसतील, घरचे बोल लावतील, या भीतीने तो दोन-चार दिवस कोणास काही सांगत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत पैसा हातचा निघून जातो. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी अशा माणसास दोष देऊ नये. ‘एवढे कसे कळले नाही?’ हा प्रश्न विचारल्याने काहीच साध्य होत नाही. मात्र पुढच्या माणसाचे तोंड बंद होते. त्याला शेजारी बसवून स्वतः १९३० क्रमांक लावून द्यावा आणि अवश्य तर त्याच्याबरोबर बँकेत व पोलीस ठाण्यात जावे.

सुगीनंतर मालाचे पैसे खात्यात येतात, तेव्हा हा विषय ग्रामसभेत व महिला बचत गटांच्या बैठकीत अवश्य काढावा. गावात आलेला एखादा खोटा संदेश सर्वांसमक्ष वाचून दाखवावा व वर सांगितलेली लक्षणे एकेक करून लोकांकडूनच शोधून घ्यावीत. मदत क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. घरात मोबाईल हाताळणारी शाळकरी मुले असतात. त्यांनाही ही माहिती द्यावी.

शेतकरी बंधुभगिनींनी एकच कसोटी ध्यानात ठेवली, तरी पुष्कळ नुकसान टळेल. जे देणे खरे असते, त्यासाठी घेणाऱ्याकडून आधी पैसे मागितले जात नाहीत. बक्षिसासाठी पहिला रुपया मागितला गेला की तेथेच बोलणे थांबवावे आणि घरातल्या किंवा गावातल्या जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. बी-बियाणे, खत आणि मुलांचे शिक्षण यांसाठी राखलेला पैसा त्याच कामी लागला पाहिजे.