लांब पल्ला आणि जवळचा पल्ला : मुंबईतील वैमानिकांचे वेतन, जीवनक्रम व भरती

प्रस्तावना

वैमानिकाचा व्यवसाय बाहेरून पाहणाऱ्यास एकच वाटतो. वस्तुतः त्यात दोन भिन्न व्यवसाय सामावलेले आहेत. मुंबईहून लंडन किंवा न्यूयॉर्कला जाणारा वैमानिक आणि मुंबईहून दिल्ली, गोवा, नागपूर अशा फेऱ्या करणारा वैमानिक यांचा परवाना एकाच प्रकारचा असतो. त्यांची वैद्यकीय तपासणी एकाच नियमांनी होते व गणवेशावरील सोनेरी पट्ट्याही सारख्याच असतात. मात्र त्यांचा दिवस, त्यांची झोप, त्यांची बढती आणि महिन्याअखेरीस हाती येणारी रक्कम यांत पुष्कळ अंतर पडते. हे अंतर कौशल्यातील तफावतीमुळे पडते असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहिल्यास असे दिसते की, अंतराचे मूळ कौशल्यात नसून वेतन मोजण्याच्या एककात, म्हणजे उड्डाणाच्या ‘तासा’त आहे. प्रस्तुत लेखात या एककाचे परिणाम मुंबईच्या संदर्भात मांडले आहेत, कारण भारतात ही दोन प्रकारची उड्डाणे दोन स्वतंत्र सरकारी महामंडळांत विभागली गेली आणि त्यांपैकी एकाचे मुख्यालय अनेक दशके मुंबईत होते.

दोन महामंडळे

भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ जवळच्या पल्ल्याने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू गाठले. लांब पल्ल्याची सुरुवात ८ जून १९४८ रोजी झाली. त्या दिवशी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. पुढे १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्यान्वये राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेले आणि आठ खाजगी कंपन्यांचे देशांतर्गत मार्ग एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. पहिल्याचे मुख्यालय मुंबईत, दुसऱ्याचे दिल्लीत.

ही विभागणी प्रशासकीय सोयीसाठी होती. तथापि तिच्यामुळे वैमानिकांचे दोन वर्ग निर्माण झाले. एअर इंडियाकडे १९६० मध्ये बोइंग ७०७ व १९७१ मध्ये बोइंग ७४७ ही विमाने आली. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक डाकोटा, व्हायकाउंट, फॉकर फ्रेंडशिप यांवरून देशातील लहान धावपट्ट्यांवर दिवसातून अनेकदा उतरत होते. पहिल्या वर्गाची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड, तर दुसऱ्याची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. १९७४ मध्ये नरिमन पॉइंटवर उभी राहिलेली एअर इंडियाची तेवीस मजली इमारत ही लांब पल्ल्याच्या प्रतिष्ठेची खूणच होती. जवळच्या पल्ल्याला तशी वास्तू कधी लाभली नाही. इंडियन एअरलाइन्स केवळ देशांतर्गत सेवा देत होती असेही नाही. आखाती व आग्नेय आशियाई देशांतही तिची विमाने जात. त्यामुळे ‘परदेशी’ व ‘देशी’ या शब्दांपेक्षा पल्ल्याचा भेद अधिक नेमका ठरतो.

तासाचा हिशेब

भारतात वैमानिकाच्या वेतनाचे सामान्यतः दोन भाग असतात. एक स्थिर वेतन आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर मिळणारा भत्ता. परदेशी मुक्कामाचा भत्ता त्यात अधिक पडतो. विमान चाके हलवून जागा सोडते तेव्हापासून पुन्हा थांबेपर्यंतचा काळ हा उड्डाणाचा काळ. त्याआधीची हजेरी, हवामानाची व इंधनाची तपासणी, दोन फेऱ्यांमधील विमानतळावरची प्रतीक्षा ही सर्व कर्तव्याची वेळ असली, तरी उड्डाणाचा तास नव्हे.

महिन्यात सुमारे पंचाहत्तर तास उड्डाण करणाऱ्या दोन वैमानिकांची तुलना येथे उपयोगी पडेल. मुंबई-दिल्ली फेरीस एका बाजूने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे पंचाहत्तर तास भरण्यासाठी जवळच्या पल्ल्याच्या वैमानिकास तेहेतीस-चौतीस उड्डाणे व तितकीच अवतरणे करावी लागतात. गोव्यासारख्या आणखी जवळच्या ठिकाणी ही संख्या याहून पुष्कळ वाढते. मुंबई-न्यूयॉर्क प्रवास पंधरा-सोळा तासांचा असल्याने तेच पंचाहत्तर तास पाच उड्डाणांत भरतात. अशा विमानात चार वैमानिक आळीपाळीने काम व विश्रांती घेतात, आणि विश्रांतीचा काळही साधारणतः उड्डाणातच धरला जातो. चौघांत पाच अवतरणे वाटली गेली, तर एखाद्याच्या वाट्याला महिन्यात एक किंवा दोनच येतात. नव्वद दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केलेली असावीत, असा नियम आहे. जवळच्या पल्ल्याच्या वैमानिकास तो नियम लक्षातही राहत नाही, तर लांब पल्ल्याच्या वैमानिकास त्याची पूर्तता करण्यासाठी कधी कधी सिम्युलेटरवर जावे लागते.

विमान चालविण्यातील सर्वाधिक श्रमाचे व जोखमीचे क्षण उड्डाण आणि अवतरण हेच होत. म्हणजे तासावर आधारलेली पद्धत जेथे श्रम दाट आहेत तेथे कमी आणि जेथे ते विरळ आहेत तेथे अधिक देते. लांब पल्ल्याच्या बाजूनेही युक्तिवाद आहे. विमान मोठे, प्रवासी अधिक, महासागरावरून जाताना जवळ विमानतळ नसतो, आणि रात्रीच्या जागरणाला दिवसाच्या विश्रांतीने पूर्ण भरपाई होत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. परंतु वेतनपत्रकावर त्यांपैकी कशाचीच नोंद नसते. तेथे फक्त तास असतो.

विलीनीकरण आणि दोन संप

२००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले, मात्र वेतनश्रेणी व ज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्याच राहिल्या. एकाच कंपनीच्या एकाच बोधचिन्हाखाली दोन प्रकारचे वैमानिक काम करू लागले व जुना प्रश्न उघडा पडला. २७ एप्रिल २०११ रोजी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला. समान वेतन ही त्यांची प्रमुख मागणी होती, आणि तिच्या पोटात तासाचा प्रश्न होता. देशांतर्गत फेऱ्या घटल्या की त्यांचे तास घटत आणि तासांबरोबर उत्पन्नही. म्हणून प्रत्यक्ष उड्डाण कितीही झाले तरी ठराविक तासांचा भत्ता निश्चित मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. संप दहा दिवस चालला. पुढे न्या. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

दुसरा संप याच्या उलट बाजूने आला. ड्रीमलायनर म्हणजे बोइंग ७८७ ही लांब पल्ल्याची विमाने येऊ घातली होती आणि त्यांच्या प्रशिक्षणास दोन्ही गटांचे वैमानिक समप्रमाणात पाठविण्याचे व्यवस्थापनाने ठरविले. मे २०१२ मध्ये गिल्डच्या वैमानिकांनी सामूहिक आजारी रजेचा मार्ग पत्करला. हा संप अठ्ठावन्न दिवस चालला. शंभराच्या आसपास वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले व संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. न्यायालयाच्या मध्यस्थीनंतर ३ जुलै रोजी तो मिटला. गिल्डचा युक्तिवाद पैशांपेक्षा बढतीचा होता. लांब पल्ल्याची विमाने थोडी, त्यामुळे सहवैमानिकास कॅप्टनपदासाठी दीर्घ काळ थांबावे लागते. त्या रांगेत बाहेरून माणसे आली तर ती आणखी लांबेल, अशी त्यांना भीती होती. जवळच्या पल्ल्यात विमानांची संख्या वेगाने वाढते, म्हणून कॅप्टनपद लवकर मिळते. पहिल्या संपात जवळच्या पल्ल्याने लांब पल्ल्याचे वेतन मागितले, तर दुसऱ्यात लांब पल्ल्याने आपली विमाने वाटून देण्यास नकार दिला. दोन्ही वेळा प्रवासी तिष्ठत राहिले आणि तासाच्या एककाला कोणीही हात लावला नाही.

‘निश्चित तास’ ही कल्पना मात्र टिकून राहिली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परतल्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये नवी वेतनरचना आली. तीत महामारीपूर्वीचे सत्तर निश्चित तास चाळीसवर आणले गेले. या वेळी एकेकाळच्या प्रतिस्पर्धी असलेल्या दोन्ही संघटनांनी एकत्र विरोध केला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

जीवनक्रम

वेतनाच्या चर्चेत घराचा विचार सहसा मागे पडतो. गिरगावातील खोताची वाडी हे त्यासाठी चांगले उदाहरण ठरेल. जगन्नाथ शंकरशेट मार्गाला लागून असलेल्या या जुन्या वस्तीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती व पाठारे प्रभू कुटुंबांची लाकडी सज्जांची, कौलारू घरे होती. साठांहून अधिक घरांपैकी आता तीसहूनही कमी उरली आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार आत येणे कठीण. येथे राहणाऱ्या वैमानिकाची कल्पना केली तर दोन पल्ल्यांतील भेद स्पष्ट होतो.

जवळच्या पल्ल्याचा वैमानिक पहाटे सहाच्या विमानासाठी तीनच्या सुमारास उठेल. सांताक्रूझला किमान तासभर आधी हजर राहावे लागते. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावातून थेट विमानतळापर्यंत भुयारी मेट्रो जाते खरी, पण तिची पहिली गाडी सहाच्या सुमाराची. वैमानिकाच्या उपयोगाची ती नाही. सागरी किनारा मार्गाने मोटार पूर्वीपेक्षा लवकर पोहोचते, एवढाच दिलासा. दिवसात तीन-चार उड्डाणे करून तो संध्याकाळी घरी येऊ शकतो. मुलांच्या शाळेची सभा, घरातील गणपती, आजारी आई-वडील यांच्यासाठी तो शहरात असतो, मात्र थकलेला असतो. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या सर्वाधिक मंदीचा काळ. आज त्या वेळी उठायचे, परवा त्या वेळी उतरायचे, असे वेळापत्रक आठवडेच्या आठवडे चालते.

लांब पल्ल्याचा वैमानिक महिन्यात चार-पाच वेळाच बाहेर पडतो, पण प्रत्येक वेळी तीन-चार दिवसांसाठी. मुंबईतून पश्चिमेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. परतल्यावर त्याला दिवसा झोपावे लागते. आणि लाकडी भिंतींच्या घरात, ढोलताशांच्या सरावाच्या दिवसांत, गिरगावात दिवसा झोपणे ही सोपी गोष्ट नव्हे. शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी जुळेपर्यंत पुन्हा निघण्याची वेळ येते. त्याला सलग सुट्टी अधिक मिळते व परदेशी मुक्कामाचा भत्ताही मिळतो, मात्र घरातील प्रसंग त्याच्या अनुपस्थितीत घडून जातात.

थकव्याचे नियम मुख्यतः कोणत्या पल्ल्यास लागतात, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या जानेवारी २०२४ च्या सुधारित नियमांवरून कळते. साप्ताहिक विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेण्यात आली. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरण्यात आली आणि रात्रीच्या कामातील अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आणली गेली. शेवटची तरतूद लांब पल्ल्यास जवळजवळ स्पर्शच करत नाही, कारण तेथे एका रात्रीत एकच अवतरण असते. जवळच्या पल्ल्याचे रात्रीचे वेळापत्रक मात्र तिने मुळापासून बदलले. नियम दोन टप्प्यांत, १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. मुख्यतः जवळच्या पल्ल्यावर चालणाऱ्या इंडिगोजवळ त्यासाठी पुरेसे वैमानिक उपलब्ध नसल्याने डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि महासंचालनालयाला तिला काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली. वर्षाला एक हजार तासांची उड्डाणमर्यादा तर पूर्वीपासूनच होती. पण अवतरणे व रात्री मोजल्या जाऊ लागताच मनुष्यबळाचा खरा तुटवडा दिसला.

भरती

बारावीला भौतिकशास्त्र व गणित, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि दोनशे तासांचे उड्डाण ही व्यावसायिक परवान्याची वाट. १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण जुहूच्या गर्दीतून धुळ्याला गेले. गोंदिया व बारामती येथेही प्रशिक्षणसंस्था आहेत, आणि अमरावतीजवळ बेलोरा येथे वर्षाला १८० वैमानिक घडविणारी संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. परवाना व त्यापुढील विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण मिळून खर्च साधारणतः पन्नास लाखांच्या पुढे जातो, काही योजनांत तो कोटीच्या घरात पोहोचतो. चाळीतील किंवा वाडीतील मध्यमवर्गीय कुटुंबास हे घर गहाण ठेवूनच शक्य होते. असे कर्ज फेडणाऱ्या नवोदितास पल्ला निवडण्याची मुभा फारशी नसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने जाहीर केलेल्या ४७० विमानांपैकी ४०० एका मार्गिकेची, म्हणजे प्रामुख्याने जवळच्या पल्ल्याची होती, आणि ७० दोन मार्गिकांची. भरतीचे दार कोठे उघडते हे या आकड्यांतच आहे.

लांब पल्ल्यास हवा असतो तो अनुभवी वैमानिक, आणि त्यासाठी आखाती कंपन्याही स्पर्धेत असतात. करमुक्त वेतन आणि मुंबईहून तीन तासांचे अंतर यामुळे अनेक कॅप्टन तिकडे गेले. ही गळती रोखण्यासाठी महासंचालनालयाने २०१७ मध्ये कॅप्टनांसाठी राजीनाम्याची पूर्वसूचना एक वर्षाची, तर सहवैमानिकांसाठी सहा महिन्यांची केली. कर्मचाऱ्यास वर्षभर बांधून ठेवणारा हा नियम प्रवाशांच्या सोयीसाठी असल्याचे सांगितले जाते. पण कंपनी अडचणीत आली, तर वैमानिकास तसे संरक्षण मिळत नाही. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईस्थित जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा तिच्या वैमानिकांचे काही महिन्यांचे वेतन थकलेले होते.

जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून अॅमस्टरडॅम व मँचेस्टर येथे थेट सेवा सुरू केली. त्यासाठीची ड्रीमलायनर विमाने नॉर्वेतील कंपनीकडून वैमानिकांसह भाड्याने घेतलेली होती. कंपनीच्या स्वतःच्या ए-३५० विमानांची मागणी २०२४ मध्येच नोंदविली गेली आहे. ती दाखल होतील तेव्हा त्यांवर प्रथम कोणास पाठवावयाचे, वर्षानुवर्षे ए-३२० वर दिवसाला चार अवतरणे करणाऱ्यांना की लांब पल्ल्याचा अनुभव घेऊन बाहेरून येणाऱ्यांना, हा २०१२ चाच प्रश्न आता एका खाजगी कंपनीच्या ज्येष्ठतायादीत उभा राहणार आहे.